शंभर एमबीचं अतिक्रमण

सरगर गुरुजींना शिकवण्याचा आजार होता, आणि निवृत्तीनंतर तो बळावला. नोकरीत असताना निदान घंटा तरी व्हायची. आता घंटाच नव्हती. त्यामुळे भाजीवाल्याला तराजूचं, रिक्षावाल्याला ब्रेकचं आणि बायकोला, मायाक्कांना, त्या पन्नास वर्षं थापत आलेल्या भाकरीचं शास्त्र ते समजावून सांगत. मोठी माणसं त्यांना लांबून पाहून गल्ली बदलत. पोरं मात्र बदलत नसत, कारण गुरुजी कधी चिडत नसत. एका उदाहरणानं कळलं नाही तर दुसरं देत, दुसऱ्यानं नाही तर तिसरं.

ही सगळी उदाहरणं एकाच ठिकाणाहून यायची, सांगोला तालुक्यातल्या त्यांच्या चार एकर रानातून. अपूर्णांक म्हणजे भावांची वाटणी. क्षेत्रफळ म्हणजे मेंढ्यांचा वाडा. लोकशाही म्हणजे सामाईक विहिरीवरची पाण्याची पाळी. एकतीस वर्षं हे चार एकर त्यांना पुरले. उदाहरण कुठे थांबवायचं, हे मात्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

सोलापुरात त्यांच्या वस्तीतल्या समाजमंदिराच्या मागे एक अभ्यासिका होती आणि तिथं एका बँकेनं काढून टाकलेला कॉम्प्युटर होता. गुरुजी अडुसष्टाव्या वर्षी तो शिकले आणि शिकून झाल्याच्या तिसऱ्या दिवशी शिकवायला लागले. मधले दोन दिवस सर्दी होती. आता त्याला तीन वर्षं झाली होती आणि त्यांच्याकडे सहावी-सातवीतली पाच पोरं येत होती. त्यांची पुढारी बुद्धप्रिया. बारा वर्षांची ही पोरगी कमी बोलायची, आणि बोललीच तर प्रश्न विचारायची.

पोरं एक फिल्म करत होती. काळ्या मातीची बारा मेंढरं केली होती आणि मायाक्कांच्या जुन्या घोंगडीची लोकर त्यांच्या अंगावर चिकटवली होती. मेंढरू नखभर सरकवायचं, फोटो काढायचा, पुन्हा नखभर सरकवायचं, पुन्हा फोटो. सहा आठवड्यांत अकराशे चाळीस फोटो झाले होते. ते सगळे एकामागून एक पळवले की दोन मिनिटं मेंढरं रांगेनं येतात, टँकरची वाट बघतात, टँकर येतो आणि न थांबता निघून जातो. सोलापूरच्या हवेत माती तडकायची, म्हणून रोज संध्याकाळी मेंढरांवर ओलं फडकं टाकावं लागे. तरी तिसऱ्या आठवड्यात एका मेंढीचा पाय गळालाच. तेव्हापासून ती पुढची सगळी फिल्म लंगडत होती.

फोटो बुद्धप्रियाच्या आईच्या फोनवर काढायचे, अभ्यासिकेच्या कॉम्प्युटरमध्ये टाकायचे आणि फोनमधून पुसून टाकायचे. मागून आणलेली वस्तू स्वच्छ करून परत द्यावी, हा नियम गुरुजींचा.

शनिवारी शाळेत प्रदर्शन होतं. बुधवारी दुपारी फोटोंची फिल्म बनवायला घेतली आणि कॉम्प्युटर अडला. सी ड्राइव्हमध्ये जागा नाही, असं त्यानं सांगितलं.

"गुरुजी, डी सगळा रिकामा आहे की," बुद्धप्रिया म्हणाली. "फिल्म तिकडं ठेवू या."

खरं म्हणजे ही गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण पोरीच्या उत्तरात एक दोष होता. त्यात गुरुजींना शिकवायला काही उरत नव्हतं.

"ती वरवरची मलमपट्टी झाली," ते म्हणाले. "आपण मुळाशी जाऊ. सी लाच मोठा करू."

"मुळाशी जायला किती वेळ लागतो?" पाचांतल्याच संस्कृतीनं विचारलं. तिची पाच वाजता शिकवणी होती.

गुरुजींनी त्यासाठी एक मोफत प्रोग्राम आधीच उतरवून ठेवला होता. नवशिक्यांसाठी अगदी सोपा, अनुभवाची गरज नाही, असं त्याच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्या दिवशी गुरुजींना ती शिफारस वाटली. ती धमकी होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

प्रोग्राम होता मात्र देखणा. सगळी हार्ड डिस्क त्यात एका लांब आडव्या पट्टीसारखी दिसत होती. गुरुजींनी खडू घेतला आणि तीच पट्टी फरशीवर काढली.

"हा एक माळ. त्यात दोन भाऊ. थोरला सी, धाकटा डी. थोरल्याच्या घरात माणसं फार, त्याचं रान भरून गेलं. धाकटा नोकरीला लांब, त्याचं रान पडीक. मग काय करायचं?"

"मधला बांध सरकवायचा," पोरं म्हणाली.

"शाबास. पण दोघांची रानं एकमेकांना लागून पाहिजेत. मधे तिसऱ्याचं रान आलं तर बांध सरकत नाही. आणि आधी धाकट्यानं जागा सोडायची, मगच थोरल्यानं घ्यायची."

हार्ड डिस्कची फाळणी इतक्या सोप्या शब्दांत त्या वस्तीत आजवर कुणी सांगितली नव्हती. गुरुजी स्वतःवर खूश झाले. तेवढ्यात बुद्धप्रियानं फरशीकडे बोट दाखवलं.

"आणि ह्यात विहीर कुठंय?"

"कसली विहीर?"

"रानात विहीर असते ना. तुम्हीच सांगता की. मग ह्यात कुठंय?"

"कॉम्प्युटरला विहीर नसते गं," गुरुजी हसून म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांनी कुठल्याच पोराचा प्रश्न हसण्यावारी नेला नव्हता. नेमका तोच दिवस त्यांनी निवडला.

मग ते पडद्याकडे वळले आणि त्यांना ती दिसली. पट्टीच्या अगदी डाव्या टोकाला, सी च्याही आधी, एक चिंचोळा तुकडा होता. त्याला सी नाही, डी नाही, कुठलंच अक्षर नाही. आकार शंभर एमबी.

इथं गुरुजींच्या घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांच्या चुलतभावानं, भारतनं, बांध कोरून त्यांचं दोन गुंठे रान खाल्लं आहे, असा गुरुजींच्या वडिलांचा संशय होता. वडील गेले आणि संशय वारसानं गुरुजींकडे आला. एकोणीस वर्षं कोर्टात तारखा झाल्या. शेवटी सरकारी मोजणी आली, साखळी पडली, खुंट्या रोवल्या गेल्या, आणि अर्धा गुंठा अतिक्रमण निघालं. ते सरगर गुरुजींचं होतं. भारतनं हसून सोडून दिलं. गुरुजींना ते हसणं अजून सुटलं नव्हतं. त्या दिवसापासून बिननावाची चिंचोळी पट्टी कुठेही दिसली की त्यांच्या कपाळाची शीर उडायची.

"हे कोण बसलंय आपल्या रानात?" ते म्हणाले.

"बारकंसं तर आहे, गुरुजी. राहू द्या की," संस्कृती म्हणाली.

"सुरुवात बारक्यापासूनच होते, बाळ."

त्यांनी त्या तुकड्यावर माऊस नेला आणि काढून टाकायची आज्ञा दिली. प्रोग्रामनं विचारलं, नक्की? आणखी एकदा, लाल अक्षरांत आणि जरा लांबलचक विचारलं. संस्कृती वाचायला पुढे वाकली.

"घाबरवायला लिहितात," गुरुजी म्हणाले आणि हो वर टिचकी मारली.

तरीही काही बिघडलं नव्हतं. हा प्रोग्राम घाई करत नसे. सांगितलेलं काम तो बाजूला नोंदवून ठेवी आणि 'लागू करा' असं बटण दाबेपर्यंत डिस्कला हातही लावत नसे. गुरुजींनी हीसुद्धा गोष्ट पोरांना नीट समजावली. हा अजून कच्चा नकाशा आहे, आत्ता मागे फिरता येतं, विचार करायला वेळ दिलेला आहे, वगैरे. सगळं बरोबर सांगितलं. आणि विचार न करता बटण दाबलं.

तुकडा गेला. सी च्या आधी तेवढी जागा मोकळी दिसू लागली. प्रोग्राम म्हणाला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करावा लागेल. गुरुजींनी केला.

कॉम्प्युटर बंद झाला. पुन्हा चालू झाला नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत एकच ओळ आली. सुरू होण्याजोगं ह्यात काही सापडत नाही, असा तिचा अर्थ होता. गुरुजींनी बटण दाबलं, तीच ओळ. प्लग काढून लावला, तीच ओळ. वरच्या डब्यावर प्रेमानं थोपटलं, तरी तीच ओळ.

पाचही पोरांनी कोपऱ्यात पाहिलं. तिथं ओल्या फडक्याखाली बारा मेंढरं होती.

"विश्रांती घेतोय तो," गुरुजी म्हणाले. "सहा आठवडे राबला बिचारा. उद्या बघू."

बुद्धप्रियानं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि दप्तर उचललं.

घरी मायाक्का शेंगा सोलत बसल्या होत्या. गुरुजींनी चप्पल काढली ती उलटी पडली आणि त्यांनी ती सरळ केली नाही. मायाक्कांच्या लगेच ध्यानात आलं.

"काय झालं?"

"कॉम्प्युटर बंद पडला."

"पडला का पाडला?"

गुरुजींनी सगळं सांगितलं. सांगताना एकदा उदाहरण द्यायला लागले, पण मायाक्कांच्या चेहऱ्याकडे बघून थांबले.

"आन् पोरांची मेंढरं?" त्यांनी विचारलं.

"त्यातच होती. फोनमधले फोटो मीच पुसायला लावले."

"पोरांना काय सांगितलं?"

"विश्रांती घेतोय म्हणून."

"म्हंजी खोटं बोललासा." मायाक्कांनी सोललेल्या शेंगांची टरफलं बाजूला सारली. "सकाळी आदी त्या पोरीकडं जावा. यंत्र मागनं बगा."

सकाळी गुरुजी बुद्धप्रियाच्या दारात उभे राहिले. प्रदर्शनाच्या तयारीसाठी त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. ती वेणी घालता घालता बाहेर आली.

"काल मी खोटं बोललो," गुरुजी म्हणाले. "तो विश्रांती घेत नाहीये. मी काहीतरी काढून टाकलंय."

"फोटो गेले?"

"माहीत नाही."

हे दोन शब्द एकतीस वर्षांत त्यांनी कुठल्या पोरासमोर उच्चारले नव्हते. बुद्धप्रियाला त्याचं काही विशेष वाटलं नाही. तिनं वेणीला रबर लावलं आणि आत वळून सांगितलं, "आई, गुरुजींबरोबर जाऊन येते."

कॉम्प्युटरचा डबा घोंगडीत गुंडाळून गुरुजींनी रिक्षात मांडीवर घेतला. खड्डा आला की ते त्याला आजारी माणसासारखं धरत होते. बुद्धप्रिया बाहेर बघत बसली होती. सात रस्ता चौक येईपर्यंत ती एकदाच बोलली.

"हाताळून मेंढरांची लोकर गेलीय. फिल्म परत करायची झाली तर ही घोंगडीपण कापावी लागेल."

गुरुजींनी मान हलवली. पोरीनं मनात सगळी फिल्म पहिल्यापासून पुन्हा करून पाहिली होती, हे त्यांना कळलं. आणि शनिवारपर्यंत अकराशे चाळीस फोटो व्हायचे नाहीत, हेही दोघांना कळत होतं.

सात रस्त्याच्या पुढं दिपालीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. ती तिसरीत गुरुजींच्या वर्गात होती. त्यांना पाहून ती उठून उभी राहिली आणि मग त्यांच्या हातातली घोंगडी पाहून पुन्हा बसली.

"काय काढून टाकलंत, गुरुजी?"

"सी मोठा करायला बांध सरकवणार होतो. पुढच्या बाजूला एक अतिक्रमण होतं."

"कुणाचं?"

"नाव नव्हतं त्याला."

"शंभर एमबी? अगदी सुरुवातीला?" दिपालीनं कपाळाला हात लावला, पण हळूच, गुरुजी समोर होते म्हणून. "त्यानं विचारलं असेल ना तुम्हाला? नक्की का म्हणून?"

"दोनदा," बुद्धप्रिया म्हणाली. "लाल अक्षरात."

"वाचलंत का?"

गुरुजी डब्यावरची घोंगडी सोडू लागले. आधी प्रश्न वाच, मग उत्तर लिही, असं ह्याच दिपालीला त्यांनी तिसरीचं वर्षभर सांगितलं होतं. तिलाही ते आठवत असावं, कारण तिनं पुढं काही विचारलं नाही आणि गालातल्या गालात हसत कामाला लागली. तिनं एका पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर तीच आडवी पट्टी आली. तिनं मोकळ्या झालेल्या टोकावर बोट ठेवलं.

"हे बघ, बाळ," ती बुद्धप्रियाला म्हणाली. सांगायची तऱ्हा थेट गुरुजींची होती. "कॉम्प्युटर जागा झाला की पहिल्यांदा इथं येतो. पुढं कुठं जायचं, काय उघडायचं, ते इथं लिहिलेलं असतं. जागा एवढीशी. सी च्या वाट्याला नाही, डी च्या वाट्याला नाही, म्हणून तिला अक्षरपण नाही. पण ही नसली तर बाकीचं सगळं असून नसल्यासारखं."

बुद्धप्रियानं मान वळवून गुरुजींकडे पाहिलं. कालचा प्रश्न तिनं पुन्हा काढला नाही. तेवढी ती चांगली होती.

गुरुजींच्या डोळ्यांसमोर त्यांचं वाटणीपत्र आलं. गट नंबर, दिशा, एकर, गुंठे, सगळं दोन भावांच्या नावे वेगवेगळं, आणि शेवटच्या ओळीत, विहीर सामाईक. विहिरीची जागा दीड गुंठाही नव्हती. एकोणीस वर्षं दोन्ही घरं कोर्टात भांडली, पण तिच्यावर कुणी बोट ठेवलं नाही. तारखेला जाताना भारत आणि गुरुजी दोघंही तिथलंच पाणी पिऊन एकाच एसटीत बसायचे. लोकशाहीचा धडा त्यांनी एकतीस वर्षं ह्याच विहिरीवर शिकवला होता.

"ती विहीर होती," गुरुजी म्हणाले.

"हो," बुद्धप्रिया म्हणाली.

"मी बुजवली."

"हो."

दिपालीला ह्यातलं काहीच कळलं नाही. "पण बाकी कशाला हात लावला नाही ना?" तिनं विचारलं. "बांध वगैरे सरकवताना मधेच बंद पडला असता तर अवघड होतं. नुसतं हेच गेलं असेल तर सी जसाच्या तसा असणार. थांबा." तिनं दोन-तीन ठिकाणी टिचक्या मारल्या आणि पडद्यावर लहान लहान चित्रांची रांग उघडली.

बुद्धप्रिया खुर्चीवरून उठली. तिनं आकडा बघितला, अकराशे चाळीस. तिचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. माऊस आपल्याकडे ओढून तिनं रांग खाली खाली नेली, आणि मधेच थांबली.

"लंगडी आहे," ती म्हणाली आणि पुन्हा खुर्चीवर बसली. मग पहिल्यांदाच हसली.

गुरुजींनी चष्मा काढून घोंगडीच्या टोकानं पुसला. त्यामुळे तो आणखी धुरकट झाला.

दिपालीनं मोकळ्या जागेत शंभर एमबीची पट्टी नव्यानं आखली आणि सुरू होण्याचा मजकूर तिच्यात परत लिहिला. पेनड्राइव्ह काढून कॉम्प्युटर चालू केला तेव्हा तो काही झालंच नाही अशा थाटात उघडला.

"सी मोठा करायचा होता ना?" तिनं विचारलं. "आता करून देऊ? बांध सरकवायचा फक्त."

गुरुजींची जीभ वळवळली. ह्यात शिकवण्यासारखं खूप होतं. त्यांनी बुद्धप्रियाकडे पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "फिल्म डी मधे ठेवू. हिनं कालच सांगितलं होतं."

शुक्रवारी दुपारी पोरं अभ्यासिकेत जमली, तेव्हा टेबलावर एक तेरावी आकृती उभी होती. मातीचा म्हातारा, अंगावर घोंगडीचा तुकडा, डोळ्यांवर तांब्याच्या तारेचा चष्मा. एका हातात मोजणीची दोरी. बाजूला मातीची गोल विहीर.

"हा कोण?" गुरुजींनी विचारलं, पण चष्म्याची एक काडी वाकडी होती आणि त्यांचीही होती.

"मेंढरं टँकरची वाट का बघतायत, तेच कुणाला कळत नव्हतं," बुद्धप्रिया म्हणाली. "विहीर नाही का गावात, असं माझी आईपण म्हणाली. आता कळेल. हा रान चौकोनी करायला विहीर बुजवतो. हे पहिल्यांदा दाखवायचं."

"म्हाताऱ्याला कोण हलवणार?"

पाचही पोरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

मग गुरुजी टेबलापाशी वाकून स्वतःला नखभर सरकवू लागले. फोटो काढायचं काम संस्कृतीकडे होतं. विहिरीत चिमूटभर माती, फोटो. पुन्हा चिमूटभर, फोटो.

"गुरुजी, लई सरकवताय," ती म्हणाली. "तुमचं काम घाईचं दिसतं."

"घाईचंच होतं ते," गुरुजी म्हणाले.

अठरा फोटोंत विहीर बुजली. म्हातारा दोरी गुंडाळून कमरेवर हात ठेवून उभा राहिला, चेहऱ्यावर मोठं काम केल्याचा भाव. तो भाव पोरांनी नखानं कोरला होता आणि गुरुजींना तो ओळखू येत होता.

"आणि टँकर निघून गेल्यावर?" त्यांनी विचारलं. "शेवटी काय होतं?"

"तुम्ही सांगा," बुद्धप्रिया म्हणाली.

गुरुजींनी कोपऱ्यातल्या मेंढरांकडे पाहिलं. लंगडी सगळ्यांच्या पुढं उभी होती.

"शेवटी तो परत उकरायला लागतो," ते म्हणाले. "मेंढरं भोवती उभी राहून बघतात."

"त्याला किती फोटो लागतील?"

"बुजवायला अठरा लागले. उकरायला शंभर तरी धरा."

कुणी कुरकुर केली नाही. संस्कृतीनं त्या दिवशी शिकवणी बुडवली. पाच वाजून गेले, सहा वाजायला आले, गुरुजींची पाठ धरली. मातीचा म्हातारा मात्र चिमूट चिमूट माती बाहेर काढत होता. शेवटचा फोटो झाल्यावर संस्कृतीनं फोनमधले सगळे फोटो कॉम्प्युटरमध्ये टाकले, डी मध्ये, आणि सवयीनं पुसायला बोट उचललं.

"थांब," बुद्धप्रिया म्हणाली आणि फोन तिच्या हातातून काढून घेतला.

गुरुजींनी तोंड उघडलं होतं. त्यांनी ते तसंच मिटलं आणि ओलं फडकं पिळून मेंढरांवर टाकलं. मग म्हाताऱ्यावरही टाकलं.